सँटा आला, स्टेटमेंट ठेवून गेला

डिसेंबरचा दुसरा आठवडा. लंच उरकून तुम्ही डेस्कवर येता, तर एचआरची मेल वाट बघत असते. विषयाच्या जागी दोन घंटा, एक ख्रिसमस ट्री आणि 'हो हो हो!' सिक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या चार वाजता पॅन्ट्रीत. बजेट फक्त पाचशे. ड्रेस कोड लाल-पांढरा. शुक्रवारी केक, फोटो आणि ज्यांना जमेल त्यांच्यासाठी नंतर 'आउटिंग'. म्हणजे टीटीएमएम, तू तुझं मी माझं.

मेल वाचून दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे सॉलिड मजा वाटते. दुसरी म्हणजे पोटात बारीकसा गोळा येतो. दिवाळीचा बोनस दिवाळीतच उडालाय आणि इन्क्रीमेंट एप्रिलशिवाय काही होत नाही. डिसेंबर म्हणजे या दोन्हींच्या मधला सुका पट्टा. पण याच महिन्यात आपण सगळ्यात जास्त 'चिल' असतो. का? तर सगळेच असतात म्हणून!

आधीच सांगून टाकते, हा 'नाताळ आपला सणच नाही' छापाचा लेख नाही. नाताळ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या 'नाताल'वरून आला आणि मराठीत असा मुरला की परका वाटतच नाही. वांद्र्याच्या हिल रोडवरची रोषणाई बघायला किंवा पुण्यात कॅम्पातल्या गर्दीत नुसतं फिरायला आपण लहानपणापासून जात आलोय. तेव्हा खर्च काय व्हायचा? बसचं तिकीट आणि एक पेस्ट्री. माझा प्रश्न एवढाच आहे की ती एक पेस्ट्री आता कितीला पडते?

पाचशेचे किती?

माझ्या स्वतःच्या पापाचा हिशोब देते. साल २०२२. कोविडनंतरचा पहिला धडाक्याचा डिसेंबर. मी तेव्हा एका पीआर एजन्सीत नोकरीला होते. चिठ्ठीत नाव निघालं ते नेमकं क्लायंट सर्व्हिसिंगच्या सीनियर मॅडमचं. आता त्यांना काय पाचशेचा मग देणार? ८५० रुपयांचा सेंटेड कँडल सेट घेतला, वर रॅपिंग आणि पिशवीचे १२०. लाल रंगाचा एकही धड टॉप कपाटात नव्हता, म्हणून १६०० चा टॉप. पार्लरचे १२००. केकची वर्गणी २००. आउटिंगचं बिल जेवढे गेले होते तेवढ्यांत भागलं, तरी माझ्या वाट्याला २१०० आले. मी तर फक्त स्टार्टर्स आणि एक मॉकटेल घेतलं होतं! रात्री उशिरा कॅबचे ६४०. बेरीज करा. पाचशेचे झाले ६,७१०.

आणि मला काय मिळालं? 'यू आर अ स्टार' लिहिलेला मग. माझ्याकडचा चौथा.

हे नुसतं ऑफिसचं. त्याच्या आधी नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडे सेलमध्ये शूज आणि हेडफोन घेऊन झाले होते. मग थर्टी फर्स्टला गोव्याचं विमान, ज्याचं तिकीट एरवीच्या दुप्पट. घरी भाचा यायचा होता म्हणून चार फुटी प्लॅस्टिकचं ट्री. एकही गोष्ट अशी नाही की जिच्याकडे बोट दाखवून म्हणावं, 'ही बघा, इथे माती खाल्ली.' सगळं छोटं छोटं. महिनाअखेरीस कार्डावर चाळीस हजार.

मिनिमम ड्यूची गोड गोळी

जानेवारीत स्टेटमेंट आलं. त्यात दोन आकडे असतात, तुम्हाला माहितीच आहेत. एक मोठा, घाबरवणारा. त्याच्या शेजारी एक छोटासा, गोंडस. मिनिमम अमाउंट ड्यू. मी गोंडसवाला भरला आणि 'चला, सुटले' म्हणून मोकळी झाले.

सुटले कसली! गणित असं आहे. चाळीस हजार बाकी, मिनिमम ड्यू साधारण पाच टक्के धरा, म्हणजे दोन हजार. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे १,४०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २५२ रुपये. राहिले किती? दोन हजारातले फक्त ३४८ मुद्दलात गेले. वर, पूर्ण बिल भरलं नाही की ते 'पंचेचाळीस दिवस बिनव्याजी' प्रकरण संपतं. व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि त्यानंतर घेतलेल्या नव्या वस्तूंवरही पहिल्या दिवसापासून लागतं. मी जानेवारीत भरलेल्या विजेच्या बिलावरसुद्धा व्याज दिलंय. कार्डवाल्यांनी यातलं काही लपवलं होतं असंही नाही. सगळं छापलेलं होतं. वाचलं कोणी?

साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, वर्षाचे मात्र बेचाळीस होतात. यावर कोर्टकचेरीही होऊन गेली आहे. वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या. त्या निर्णयाला आधी स्थगिती मिळाली आणि पुढे सुप्रीम कोर्टानं तो रद्दच केला. निकालाची तारीख बघा, २० डिसेंबर २०२४. ऐन सिक्रेट सँटाच्या आठवड्यात! ऑफिसातल्या किती जणांनी ती बातमी वाचली असेल, कुणास ठाऊक.

'नो कॉस्ट ईएमआय'चंही तेच. व्याज शून्य ही कल्पनाच अस्तित्वात नाही, ते प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवून वसूल केलं जातं, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. तेव्हापासून नाव बदललं. दुकानदार किंवा कंपनी व्याजाएवढी सूट देते आणि व्याजावरचा जीएसटी, फी वगैरे आपण भरतो. रक्कम छोटी असते, पण 'नो' म्हणावी इतकी नाही.

आपल्या आईबाबांनी सणासाठी कर्ज घेतलंच नाही असं नाही हं. सरकारी नोकरीतल्या घरांमध्ये 'सण अग्रिम' हा शब्द माहीत असतो. पगारातून उचल मिळायची, बिनव्याजी, आणि दहा हप्त्यांत कापली जायची. २०२० मध्ये केंद्र सरकारनं कर्मचाऱ्यांना दहा हजारांचा असाच बिनव्याजी अग्रिम दिला होता, फेड जास्तीत जास्त दहा हप्त्यांत. म्हणजे पुढचा सण येईपर्यंत मागचा फिटलेला. आपल्याकडे गणपती, दसरा, दिवाळी, ब्लॅक फ्रायडे, ख्रिसमस, इयर एंड आणि मग लगेच रिपब्लिक डे सेल. मागचं फिटायला मध्ये जागाच नाही.

शुक्रवार आला, गुरुवार राहिला

त्या ब्लॅक फ्रायडेची गंमत ऐका. अमेरिकेत नोव्हेंबरात गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं आणि त्यानंतर ख्रिसमसची खरेदी सुरू करायची, अशी दुकानदारांची रीत होती. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. शेवटचा ३० तारखेला. म्हणजे खरेदीला चोवीसच दिवस! मंदीतून सावरणारे दुकानदार हवालदिल झाले आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण चक्क एक आठवडा आधी, २३ तारखेला आणला. त्यावरून इतका गदारोळ झाला की काही राज्यांनी जुनी तारीख पाळली, काहींनी नवी. शेवटी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. एका देशाच्या अध्यक्षानं शॉपिंगसाठी सण सरकवला! आपल्याकडे तर गुरुवारचा सणच नाही. आपण थेट त्याचा शुक्रवार मागवला.

आणखी एक माणूस मला फार आवडतो. जोएल वॉल्डफोगेल नावाचे अर्थतज्ज्ञ. येल विद्यापीठात असताना त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, की तुम्हाला मिळालेली गिफ्ट देणाऱ्यानं अंदाजे कितीला घेतली असेल आणि भावना बाजूला ठेवून तुम्ही स्वतः त्याचे किती दिले असते? १९९३ मध्ये त्यांचा निबंध आला. निष्कर्ष असा, की दिलेल्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा हवेत जातो. जवळच्या मित्रमैत्रिणींनी किंवा पार्टनरनं दिलेल्या गिफ्टमध्ये नुकसान कमी, लांबच्या नातेवाइकांच्या गिफ्टमध्ये जास्त. कारण सोपं आहे, त्यांना तुमची आवड माहीत नसते.

आता सांगा, ज्या अकाउंट्सच्या मुलाशी तुमचा संबंध लिफ्टमधल्या 'हाय'पुरता आहे, तो तर लांबच्या मावशीपेक्षाही लांबचा! तो मग देणार नाही तर काय देणार? आपल्या आजी-आत्यांनी आहेराच्या पाकिटात १०१ रुपये घालून हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. वॉल्डफोगेलसाहेब त्यांच्या पाया पडले असते.

वसईला अजून नाताळ यायचाय

माझ्या त्या डिसेंबरचा हिशोब मला कळला तो वसईच्या एका मैत्रिणीमुळे. एकाच टीममध्ये होतो. कॅथलिक कुटुंब, घरात चोख मराठी. आम्ही सगळे लाल टोप्या घालून फोटो काढत असताना ती पांढऱ्या कुर्त्यात मजेत केक खात होती. मी म्हटलं, "अगं, तुझाच सण आणि तूच थंड?" ती म्हणाली, "आमचा नाताळ कुठे आलाय अजून? आगमनकाळ चालू आहे."

मला आगमनकाळ म्हणजे काय हे माहीत नव्हतं. नाताळच्या आधीचे चार रविवार. चर्चमध्ये तेव्हा जांभळा रंग असतो, दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. वाट बघण्याचा, थोडं आवरतं घेण्याचा काळ. २४ च्या रात्री मिस्सा झाली की सण सुरू होतो आणि सहा जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत, चालतो. गोव्यातलं रेइश मागुश हे नाव त्या तीन राजांवरूनच आलंय. आपल्या मॉलमध्ये बरोब्बर उलटं. महिनाभर जल्लोष आणि सव्वीसला सकाळी ट्री उतरवायला माणसं हजर. मूळ सणात जे दिवस हात आखडायचे, तेच आपण कार्ड घासायचे दिवस केले.

त्या वर्षी सुट्टीच्या आधीच्या रविवारी तिच्या घरी गेले होते. अंगणात मुलं गवत आणि पुठ्ठ्यांचा गोठा बांधत होती. आत तिची आई, काकू आणि शेजारच्या दोघी जणी कुलकुल करत बसल्या होत्या. मैदा-रव्याची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि वळवून शिंपल्यासारखी करायची. मग तळायची. मलाही बसवलं. माझे शिंपले कमी आणि सुरवंट जास्त होत होते. काकू म्हणाल्या, "असू दे बाळा, खाताना कोण बघतंय." दोन तास गेले. फोन कुठे होता ते आठवतसुद्धा नाही.

वसईत खर्च होत नाही असं मुळीच नाही. मैत्रीणच म्हणाली, नवीन कपडे, पाहुणे, मटण, सगळं मिळून त्यांचंही बजेट हलतं. आणि तिच्या भावानं त्याच सेलमध्ये टीव्ही घेतला होता, ईएमआयवर! पण तो खर्च कोणासाठी हे त्या घरात प्रत्येकाला सांगता येत होतं. मला माझ्या चाळीस हजारांपैकी भाच्याचं ट्री सोडलं तर एकाही गोष्टीचं नाव घेता येत नव्हतं. त्या सीनियर मॅडमनी कँडल सेटचं खोकंही उघडलं नव्हतं. मार्चमध्ये त्यांनी टेबल आवरलं, तेव्हा रॅपिंगसकट खणातून निघालं.

मार्चपर्यंत थांबायची गरज नव्हती म्हणा. फेब्रुवारीत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. लेन्स चांगली घ्यायची, पैसे मी देणार, असं मीच दिवाळीत ऐटीत जाहीर केलं होतं. डॉक्टरांकडून तारीख घ्यायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "आई, पुढच्या महिन्यात बघूया का? ऑफिसात जरा गडबड आहे." ती लगेच म्हणाली, "अगं, घाई कुठे आहे? उन्हाळ्यात करू निवांत." तिनं काही विचारलं नाही. तिला कळलं होतं की नाही, मी अजून विचारलेलं नाही.

ऑपरेशन मे महिन्यात झालं. कार्ड जूनमध्ये कोरं झालं, तेही पीएफमधले नाही पण एफडी मोडून. त्यानंतर नोकरी सोडली, फ्रीलान्स करायला लागले आणि सिक्रेट सँटा आपोआपच सुटला. (फ्रीलान्सरचा सँटा म्हणजे वेळेवर पेमेंट करणारा क्लायंट. तोही दिसत नाही.) जिथे अजून नोकरीत आहेत त्या मित्रमैत्रिणींपैकी एका ग्रुपनं मागच्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या, पण गिफ्टऐवजी डबा. ज्याचं नाव येईल त्याला एक दिवस घरचा डबा आणायचा. एकानं सरळ मेस लावून आणला, त्यावरून अजून चिडवतात त्याला.

वसईहून दर वर्षी कुलकुलचं ताट येतं. आमच्याकडे कुणाचं ताट रिकामं परत करत नाहीत, त्यामुळे ते संक्रांतीपर्यंत आमच्याच फडताळात पडून असतं. मग आई त्यात तिळाचे लाडू भरते. या वर्षी तिनंच सगळे वळले आणि चष्म्याशिवाय.