कॅनीचा पराभव आणि रोमनांचा दैवविचार

युद्ध, दैव आणि मनुष्यस्वभाव यांविषयींचीं रोमन वचनें सुभाषितांप्रमाणें उद्धृत करण्याचा प्रघात आहे. अपजयांत धीर सोडूं नये आणि विजयांत दैवाचा भरंवसा धरूं नये, हें त्यांचें सार होय. परंतु वचनाची किंमत आचरणावरून ठरते. म्हणून दोन प्रसंगांच्या कसोटीवर हें सार पारखून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला प्रसंग इ. स. पू. २१६ मधील कॅनीच्या लढाईचा. हॅनिबलनें रोमन सैन्यास चोहोंकडून घेरून त्याचा संहार केला. मृतांची संख्या पॉलिबिअस सुमारें ७०,००० पायदळ इतकी देतो. लिव्ही ४५,५०० पायदळ व २,७०० स्वार असे आंकडे देतो. कोणताहि आंकडा स्वीकारला तरी अनर्थाचें स्वरूप पालटत नाहीं. पाउलस हा कॉन्सल रणांत पडला. दुसरा कॉन्सल व्हॅरो निसटून आला. तो परतला तेव्हां सर्व दर्जाचे लोक त्यास सामोरे गेले आणि राज्याविषयीं निराश न झाल्याबद्दल त्यांनीं त्याचे आभार मानिले, असें लिव्ही लिहितो. लिव्हीचा ग्रंथ सुमारें दोनशें वर्षांनंतरचा व बोधपर असल्यानें ही हकीकत सावधपणें घेतली पाहिजे. तथापि व्हॅरोस पुढेंहि सेनाधिकार मिळाले, यावरून पराभवाचें खापर त्याच्या एकट्याच्या माथीं फोडण्यांत आलें नाहीं, इतकें निश्चित होतें.

मात्र हें धैर्य कोमल नव्हतें. सीनेटनें युद्धकैद्यांची खंडणी भरण्याचें नाकारलें आणि ८,००० गुलाम विकत घेऊन त्यांच्या हातीं शस्त्रें दिलीं. गुरांच्या बाजारांत दोन गॉल व दोन ग्रीक मनुष्यें जिवंत पुरण्यांत आलीं. भयानें मनुष्यस्वभाव कोठवर जातो, तें यावरून दिसतें.

दुसरा प्रसंग इ. स. पू. १४६ मधील कार्थेजच्या विध्वंसाचा. जळणारें नगर पाहून विजयी सेनापति सिपिओ एमिलिआनस याच्या डोळ्यांत अश्रू आले. ट्रॉयच्या नाशाविषयींच्या होमरच्या ओळी म्हणून, हीच गति एके दिवशीं रोमचीहि होईल, अशी भीति त्यानें बोलून दाखविली. पॉलिबिअस त्या वेळीं त्याच्याजवळ होता. त्याच्या आधारें ॲपिअननें हें नमूद केलें आहे. दैवाचें चंचलत्व सिपिओस पूर्णपणें उमगलें होतें. तरीहि नगर भस्मसात् झालें व वांचलेले लोक गुलाम म्हणून विकले गेले.

यावरून आमचें मत असें कीं, पराभूत रोमननें दैवविचार आचरिला, विजयी रोमननें तो केवळ उच्चारिला. संकटांत मनुष्यास शहाणपणाचा आधार लागतो. सामर्थ्य हातीं आल्यावर तो त्यास अलंकार म्हणून वापरूं लागतो. रोमन वचनें उद्धृत करणारानें हा भेद ध्यानीं ठेवणें अगत्याचें आहे.