भंगारात निघालेला संगणक निरोप आणतो

आमच्या घरी २००६ सालचा एक संगणक आहे. मेमरी एक जीबी, प्रोसेसर ३२-बिटचा. गेल्या वर्षी दुरुस्तीवाल्याने झाकण उघडण्याआधीच निकाल दिला, "साहेब, भंगारात घाला, नवा घ्या." नवा घ्यायचा म्हणजे कारकुनाचा महिन्याचा पगार! आणि गरज तरी केवढी? घरी मोबाईल एकच, तो माझ्याबरोबर कामावर जातो. मुलगी बाहेरगावी वसतिगृहात. तिचा निरोप दिवसा तिच्या आईपर्यंत पोहोचावा, इतकेच.

निरोप म्हणजे चार शब्द. त्याला मोठे यंत्र लागतच नाही. १९८८ साली फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने आयआरसी ही संगणकावरील गप्पांची पद्धत तयार केली. तिच्यात एका ओळीला ५१२ बाइटांची मर्यादा आहे. (मराठीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणून दीडशेच्या आसपास चिन्हांत ओळ संपते, इंग्रजीवाल्याला जवळपास तिप्पट जागा. इथेही आपल्या ताटात कमीच!) मायकेल ब्रटमन याच्या एमटीसीपी या कार्यक्रमसंचामुळे १९८१ सालच्या आयबीएम पीसीच्या पिढीतल्या यंत्रांवरही आयआरसी चालते.

मग आजचे संदेशांचे कार्यक्रम जुन्या यंत्राला का दमवतात? स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नल यांच्या संगणकावरील आवृत्त्या 'इलेक्ट्रॉन'वर बांधलेल्या आहेत. त्यात प्रत्येकाच्या पोटात अख्खा ब्राउझर असतो. चिठ्ठी द्यायला सारे टपाल कार्यालय डोक्यावर घेऊन निघावे, तसा हा प्रकार. एकच काम विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालते, ही बनवणाऱ्यांची सोय. ओझे मात्र आपल्या यंत्रावर.

माझ्या पुतण्याने त्या संगणकावर डेबियन या मोफत प्रणालीची १२वी आवृत्ती घातली आणि पिजिन हा कार्यक्रम बसवला. पिजिन १९९८ साली 'गेम' या नावाने सुरू झाला. वीचॅट त्याहून हलका, पण काळ्या पडद्यावर आमची जोडाक्षरे फुटू लागली आणि मुलीच्या आईला वाचता येईना. पिजिनवर ती नीट उमटतात. एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर दोघींची खाती काढली. मुलीच्या मोबाईलवर त्याच पद्धतीचा 'कॉन्व्हर्सेशन्स' आहे. धाकट्याच्या अभ्यासासाठी घेतलेली इंटरनेटची वायर घरात होतीच. "जेवलीस का?" एवढे टाईप करायला पहिल्या दिवशी आईला पाच मिनिटे लागली.

यातल्या उणिवाही सांगतो. यावर व्हॉट्सअॅपवाल्यांशी बोलता येत नाही, व्हिडिओचे नाव काढू नये. व्हॉट्सअॅपने अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या मोबाईलांची सेवा बंद केली. दार त्यांचे, कुलूपही त्यांचेच. खुल्या पद्धतीत एकाने दार लावले, तर दुसऱ्या सर्व्हरवर खाते काढता येते.

एक काळजी मात्र घ्या. विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती २०१४ सालीच थांबली. ती तशीच ठेवून जुने यंत्र इंटरनेटला जोडू नका. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मधील १३व्या आवृत्तीपासून ३२-बिट यंत्रांसाठी नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली आहे. म्हणून यंत्र भंगारवाल्याला देण्याआधी त्याचा प्रोसेसर ३२-बिटचा आहे की ६४-बिटचा, हे जाणत्या पोराकडून बघून घ्या. ६४-बिटचा निघाला तर पुढच्या आवृत्त्यांचाही रस्ता मोकळा आहे.