काशीचा पूर : घाट तरतात, वरुणाकाठ बुडतो

वाराणसी : पावसाळ्यात गंगेला पूर आला की वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर काशीचे घाट दिसू लागतात. संकठा घाटाच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जातात, शेजारच्या घाटांकडे जाणारी काठची वाट बंद होते आणि भाविक गल्लीतून वरच्या बाजूने संकठा देवीच्या दर्शनाला येतात. हे दृश्य चिंताजनक वाटले, तरी पुराचा खरा तडाखा येथे बसत नाही. तो बसतो काही किलोमीटर अंतरावरील वरुणा नदीच्या सखल काठांवर, विणकर आणि रोजंदारी कामगारांच्या वस्त्यांत. काशीचे पूरसंरक्षण आणि पूरग्रस्तांची पुन्हा उभारणी समजून घ्यायची, तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

घाट ही भिंत नव्हे

वाराणसीत गंगा उत्तरवाहिनी आहे. तिचा पश्चिम काठ उंच व कंकरमिश्रित कठीण मातीचा आहे. समोरचा पूर्व काठ सखल आणि वाळूचा. जुने शहर या उंच काठावर वसले आणि काठाची धूप रोखण्यासाठी त्याला दगडी पायऱ्यांचे चिलखत चढविण्यात आले. या कामात मराठी सत्ताधीशांचा वाटा मोठा आहे. संकठा घाटाच्या दक्षिणेला बायजाबाई शिंदे यांनी 1830 च्या सुमारास बांधविलेला शिंदे घाट आहे, तर उत्तरेला थोड्याच अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे.

पाणी अडविणे हा या बांधकामाचा हेतू नव्हता. पाणी चढावे, काही आठवडे राहावे आणि उतरावे, हे गृहीत धरूनच घाट बांधले गेले. उन्हाळ्यातील पातळीपेक्षा दहा मीटरहून अधिक उंचीपर्यंत गंगा वाढते, तरी जुन्या शहराचा बहुतांश भाग कोरडा राहतो. मणिकर्णिकेवरील अंत्यसंस्कार वरच्या चबुतऱ्यांवर व गच्चीवर होतात, दशाश्वमेध घाटावरील आरती जवळच्या इमारतीच्या छतावर जाते. पुराशी जुळवून घेण्याची ही रीत येथे जुनी आहे.

तिलाही मर्यादा आहेत. शिंदे घाटावरील कललेले रत्नेश्वर महादेव मंदिर ही त्याची ठळक खूण होय. वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात असतो. घाटाचे अवजड बांधकाम पायाखालच्या मातीला पेलवले नाही, असे त्याच्या कलण्याचे कारण सामान्यतः सांगितले जाते. पूर वेगाने ओसरतो तेव्हा पायऱ्यांमागील मातीत मुरलेले पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. ते आतून दगडांवर दाब देते आणि सांधे उकलतात. त्यामुळे घाटांची तपासणी पूर चढताना जितकी आवश्यक, तितकीच तो उतरल्यानंतरही आवश्यक असते.

पाणी येते माळव्यातून

केंद्रीय जल आयोगाने वाराणसी येथे गंगेची इशारा पातळी 70.262 मीटर आणि धोक्याची पातळी 71.262 मीटर निश्चित केली आहे. 9 सप्टेंबर 1978 रोजी नोंदली गेलेली 73.901 मीटर ही आजवरची सर्वोच्च पातळी. म्हणजे त्या दिवशी नदी धोक्याच्या खुणेपेक्षा सुमारे 2.6 मीटर वर होती. अलीकडे 2013, 2016, 2021, 2022 आणि 2025 या वर्षांत धोक्याची पातळी ओलांडली गेली.

वाराणसीत पाऊस नसतानाही पूर येऊ शकतो. माळवा, बुंदेलखंड आणि राजस्थानात अतिवृष्टी झाली की चंबळ, बेतवा व केन या नद्यांचे पाणी यमुनेत येते. कोटा बंधाऱ्यातून सोडलेला विसर्गही चंबळमार्गे त्यात मिसळतो. प्रयागराजच्या संगमावर ही यमुना गंगेला मिळते आणि मिर्झापूरमार्गे तो लोंढा वाराणसीला पोहोचतो. या प्रवासाला दिवस लागतात; पातळीही ताशी काही सेंटीमीटर या गतीने चढते. चक्रीवादळाच्या लाटेप्रमाणे हा पूर एका रात्रीत शहरावर कोसळत नाही. हा मधला अवधी हेच काशीचे सर्वांत मोठे संरक्षण आहे, मात्र त्याचा उपयोग झाला तरच.

उलटी वाहणारी वरुणा

शहराच्या उत्तरेला वरुणा आणि दक्षिणेला अस्सी गंगेला मिळते. गंगेची पातळी वाढली की वरुणेच्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. उलट गंगेचे पाणीच तिच्या पात्रात मागे शिरते. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या मराठी वाचकाला हा फुगवटा अपरिचित नाही. त्याचा फटका सरैया, कोनिया, नक्की घाट, हुकुलगंज, सलारपूर अशा वस्त्यांना बसतो. अस्सीच्या बाजूला नगवा व सामने घाट परिसरातील वसाहतींत पाणी भरते, तर गंगेच्या दोन प्रवाहांमधील ढाब भागातील गावांची पिके बुडतात.

या वस्त्या सखल भागात का उभ्या राहिल्या, याचे उत्तर जमिनीच्या किमतीत आहे. उंच काठावर जागा नाही आणि असली तर परवडत नाही. गंगेच्या काठापासून 200 मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. पण वरुणेच्या पूरक्षेत्रात गेल्या काही दशकांत घरांची दाटी वाढत गेली. जुन्या काशीने जी जमीन पाण्यासाठी मोकळी सोडली होती, तीच नव्या काशीने राहण्यासाठी घेतली.

ओसरल्यानंतरचे संकट

घाटांवर पूर ओसरला की गाळ उरतो. पायऱ्यांवर साचलेले त्याचे जाड थर महापालिका पंपांच्या फवाऱ्याने पुन्हा नदीत ढकलते. कार्तिक पौर्णिमेच्या देवदिवाळीपूर्वी हे काम पूर्ण व्हावे, अशी धडपड असते. पर्यटन आणि तीर्थयात्रा यांवर शहराचे अर्थकारण अवलंबून असल्याने या सफाईकडे सर्वांचे लक्ष असते.

वरुणाकाठी मात्र उभारणीचा वेग वेगळा आहे. बनारसी साडीचा पारंपरिक हातमाग खड्ड्याचा असतो. विणकर पाय खड्ड्यात सोडून पावड्या चालवतो. येवला-पैठणच्या विणकरांना ही रचना परिचित आहे. घरातील पाणी ओसरले तरी हा खड्डा ओलाच राहतो, लाकडी सांगाडा फुगतो आणि जकार्डची पुठ्ठ्याची नक्षीपत्रे निकामी होतात. म्हणजे पूर आठवडाभराचा असला, तरी माग कितीतरी अधिक काळ बंद राहतो. पंचगंगेच्या पुरात 2019 आणि 2021 मध्ये इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांनीही असाच अनुभव घेतला होता.

केंद्राच्या आपत्ती मदतीच्या निकषांत हातमाग कारागिराच्या अवजारांसाठी आणि कच्च्या-पक्क्या मालासाठी भरपाईची तरतूद आहे. परंतु ती वस्तूंच्या नुकसानीची आहे. बंद राहिलेल्या मागाची मजुरी तीत येत नाही. भाडेकरूंची अडचण आणखी वेगळी, कारण पंचनाम्यात घराची नोंद मालकाच्या नावे होते. नौकानयनावर बंदी आल्यावर नावाड्यांचे उत्पन्नही थांबते, मग त्यांची नाव शाबूत का असेना. मदत छावण्या बहुधा शाळांत उघडल्या जात असल्याने मुलांचे शिक्षण खंडित होते, तो तोटा तर कोणत्याच पंचनाम्यात नोंदला जात नाही.

उपाय कोठे करायचे?

पूरसंरक्षण म्हटले की तटबंध आणि भिंती आठवतात. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराची भिस्त अशाच तटबंधांवर होती. 29 ऑगस्ट 2005 रोजी कॅटरिना चक्रीवादळात ते फुटले आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग बुडाला. 2000 च्या जनगणनेत तेथे सुमारे 4 लाख 85 हजार लोक होते. 2010 मध्ये ही संख्या 3 लाख 44 हजारांपर्यंत घटली. भिंती पुन्हा बांधता आल्या, पण गेलेली सगळी माणसे परतली नाहीत.

काशीतही नदीला वळविण्याचा एक प्रयत्न झाला. घाटांवरील प्रवाहाचा दाब कमी व्हावा म्हणून 2021 मध्ये समोरच्या वाळूत सुमारे पाच किलोमीटर लांबीचा कालवा खोदण्यात आला. त्याच पावसाळ्यातील पुरात तो वाळूने भरून गेला.

त्यापेक्षा साधा धडा कोल्हापूरकडून घेता येतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे तेथील सामान्य नागरिकालाही ठाऊक असते. या आकड्यावरून आपल्या भागात पाणी कधी येईल, याचा अंदाज तो बांधतो. वरुणाकाठच्या गल्ल्यांतही 1978 च्या पाणीपातळीची खूण भिंतीभिंतीवर असावी आणि वाराणसीच्या पातळीचा कोणता आकडा कोणत्या गल्लीत पाणी आणतो, हे आधी जाहीर व्हावे. मग प्रयागराजहून पाणी येईपर्यंतच्या अवधीत नक्षीपत्रे, सूत आणि तयार साड्या उंच जागी हलविता येतील. त्यासाठी वस्तीजवळ कोरडी गोदामे हवीत. पूरक्षेत्रातील नव्या बांधकामांना आळा घालताना तेथील कुटुंबांना परवडणारी पर्यायी जागाही द्यावी लागेल. अन्यथा एक वस्ती हटेल आणि दुसरी तशाच सखल जागी उभी राहील.

संकठा घाटाच्या पायऱ्या पुढच्या पावसाळ्यातही बुडतील आणि पूर ओसरल्यावर पुन्हा वर येतील. त्या त्यासाठीच बांधल्या आहेत. वरुणाकाठचे खड्डा-माग मात्र बुडण्यासाठी बांधलेले नाहीत. पूर ओसरल्यावर ते किती दिवसांत पुन्हा चालू होतात, यावरच काशीच्या पूरनियोजनाचे यश जोखावे लागेल.