बैलाची भूक

घरात कुणी सारखं खा-खा करायला लागलं की आजी म्हणायची, ‘याला भस्म्या झालाय.’ ग्रीकांकडेही असाच शब्द होता. ‘बूस’ म्हणजे बैल, ‘लिमोस’ म्हणजे भूक. त्यातून आलं बुलिमिया, बैलाची भूक. आज डॉक्टर ज्याला बुलिमिया नर्व्होसा म्हणतात, त्या आजारातलं खाणं मात्र कुणाला दिसत नाही. चारचौघांत हा आजार असलेली मुलगी अर्धी पोळी खाऊन पानावरून उठते. पुढचं सगळं बंद दाराआड होतं.

लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये ३० रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली आणि या आजाराला नाव मिळालं. त्या तिसांत दोन पुरुषही होते. हा फक्त मुलींचा आजार नाही, हे तेव्हापासून ठाऊक आहे. अनावर खाणं, मग ओकारी काढून किंवा जुलाबाच्या गोळ्या घेऊन ते ‘फेडणं’, आणि या सगळ्याच्या मुळाशी जाड होण्याची विलक्षण धास्ती. आठवड्यातून सरासरी एकदा, असं तीन महिने होत राहिलं तर निदान पक्कं धरतात. वजन बहुतेकदा चारचौघांसारखंच असतं, म्हणून घरच्यांना वर्षानुवर्षं सुगावा लागत नाही. ब्रिटनच्या राजकुमारी डायना यांनी १९९५ मध्ये टीव्हीवर आपल्या बुलिमियाबद्दल सांगितलं, तेव्हा हे दुखणं इतक्या उजेडात राहणाऱ्या बाईलाही लपवता येतं हे जगानं त्यांच्याच तोंडून ऐकलं.

याची सुरुवात बहुधा खाण्यातून होत नाही, न खाण्यातून होते. भात बंद, साखर बंद, तळलेलं बंद. दुपारचा डबा तसाच परत. संध्याकाळपर्यंत शरीर भुकेनं कासावीस झालेलं असतं, आणि तेवढ्यात एक लाडू तोंडात जातो. आपल्याकडे उपास चुकून मोडला तर माणूस म्हणतो, ‘मोडलाच आहे, तर आता पोटभर जेवतो.’ इथे मनात तेच होतं, पण पोट भरल्यावर हात थांबत नाही. चव लागत नाही, खाणं आपल्या ताब्यात राहत नाही. मग लाज, ओकारी, घटकाभर सुटल्यासारखं वाटणं आणि ‘उद्यापासून कडक’ अशी शपथ. ती शपथच पुढच्या झटक्याची तयारी असते.

ज्यासाठी हा आटापिटा, तेही साधत नाही. ओकारीनं खाल्लेलं सगळं बाहेर पडत नाही. जुलाबाच्या गोळ्यांचं काम मुख्यतः मोठ्या आतड्यात चालतं, आणि अन्नातलं पोषण त्याआधीच लहान आतड्यात शोषलं गेलेलं असतं. जातं ते पाणी. त्याबरोबर पोटॅशियम घटतं, आणि ते फार उतरलं तर हृदयाचे ठोके चुकतात. जीवही जाऊ शकतो. पोटातल्या आम्लानं दात आतल्या बाजूनं झिजतात, त्यामुळे कित्येकदा पहिला संशय दातांच्या डॉक्टरांना येतो. (ओकारीनंतर लगेच ब्रश करू नये, नुसती चूळ भरावी, मऊ पडलेला दात घासल्यानं आणखी झिजतो.) कानांपुढच्या लाळग्रंथी सुजतात आणि चेहरा गोल दिसतो. आरशात ते पाहून पोर आणखी कमी खाते. मला या आजारातलं सगळ्यात क्रूर हेच वाटतं.

ऑक्सफर्डच्या ख्रिस्टोफर फेअरबर्न यांनी बुलिमियासाठी जी वर्तन-विचार उपचारपद्धती घडवली, तिची पहिली मोठी पायरी ऐकून रुग्ण घाबरतात: जेवा. दिवसातून तीन वेळा जेवण, दोन-तीन वेळा थोडं काही, आणि मध्ये चार तासांहून जास्त खंड नाही, भूक असो वा नसो. काय खाल्लं, तेव्हा मनात काय होतं, हे त्याच क्षणी वहीत लिहायचं. वजन आठवड्यातून एकदाच पाहायचं. वजन भराभर वाढेल ही भीती सहसा खरी ठरत नाही, आणि ते रुग्णाला स्वतःच्याच वहीत दिसतं. मग बंदी घातलेले पदार्थ एकेक करून ताटात परततात. आपली किंमत काट्यावरच्या आकड्यानं मोजायची सवय सोडवणं हे त्यापुढचं, अवघड काम.

कोपनहेगनमध्ये ७० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ही पाच महिन्यांची, २० बैठकांची पद्धत एका बाजूला आणि दोन वर्षांची मनोविश्लेषणाची पद्धत दुसऱ्या बाजूला होती. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४२ टक्के रुग्णांचं अनावर खाणं आणि ओकारी थांबली होती, दुसऱ्या गटातल्या ६ टक्क्यांची. दोन वर्षांनी हे आकडे ४४ आणि १५ होते. म्हणजे उत्तम उपचारानंतरही निम्म्याहून अधिक जणांचा त्रास पूर्ण गेलेला नसतो. त्यांना आणखी मदत लागते, आणि त्यात त्यांच्या निग्रहाचा काही दोष नाही. फ्लुऑक्सेटीन हे औषध उपयोगी पडतं, बुलिमियात बहुधा रोज ६० मिलिग्रॅम. ते मानसोपचारतज्ज्ञांनीच द्यायचं. वयात येणाऱ्या मुलांसाठी आईवडिलांना सोबत घेऊन उपचार करतात. जेवणाची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडे असते.

दिवाळीत फराळाचं ताट पुढे करत ‘घे गं’ म्हणणारी मावशीच निघताना ‘तब्येत सुधारली हं’ म्हणते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण ज्या मुलीच्या डोक्यात दिवसभर तोच हिशेब चालू आहे, तिला ते आठवडाभर पुरतं.

संशय आला तर न्हाणीघराच्या दाराशी कान लावू नये, डबे लपवू नयेत. एकटं गाठून, हळू आवाजात, ‘जेवल्यावर तुला त्रास होतो का गं?’ एवढं विचारावं. पहिल्यांदा ‘नाही’ येईल. काही दिवसांनी पुन्हा विचारावं. ती ‘हो’ म्हणाली की आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी, मग मानसोपचारतज्ज्ञ. कुठे जावं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.