पाटसकरांचे सूत्र आणि खानदेशचा विसर

बेळगावचा प्रश्न निघाला की 'पाटसकर सूत्रा'चा उल्लेख हटकून होतो. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते हरी विनायक पाटसकर 1952 साली जळगावमधून लोकसभेवर निवडून गेले होते, याची आठवण मात्र खुद्द खानदेशात क्वचितच काढली जाते.

घटना समितीचे सदस्य असलेल्या या विधिज्ञाकडे नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदा खाते आले. हिंदू संहितेचे विधेयक रखडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये राजीनामा दिला होता. तेच काम तुकड्यातुकड्यांनी पुढे नेण्याची जबाबदारी पाटसकरांवर पडली. 1955 चा हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा हिंदू वारसा कायदा त्यांनी लोकसभेत तडीस नेले. वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबर वाटा मिळाला. विधवेच्या हाती आलेली इस्टेट पूर्ण मालकीची झाली. वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मसिद्ध हक्क मात्र मुलांकडेच राहिला. ही तडजोड होती, आणि ती दुरुस्त व्हायला महाराष्ट्रात 1994 साल आणि देशभर 2005 साल उजाडावे लागले. तरीही शेतीवाडीच्या मुलखातून आलेल्या प्रतिनिधीने मुलीच्या वाट्याची बाजू मांडावी, ही गोष्ट लहान नव्हे.

याच काळात संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले. 1956 मध्ये चिंतामणराव देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले. पाटसकर आत राहिले. 1957 च्या निवडणुकीत पूर्व खानदेशने नौशेर भरुचा या मुंबईच्या पारशी वकिलाला लोकसभेत पाठविले, तर शेजारच्या धुळ्याने जनसंघाचे उत्तमराव पाटील यांना. त्याच वर्षी पाटसकर मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले.

आणि याच सुमारास आंध्र-मद्रास सीमावादात मध्यस्थ या नात्याने त्यांनी निवाडा दिला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि सापेक्ष भाषिक बहुसंख्या, या त्याच्या कसोट्या. त्यावर आधारलेला कायदा 1959 मध्ये झाला आणि 1960 साली तिरुत्तणीचा बहुतेक भाग मद्रासकडे गेला. महाराष्ट्राने या कसोट्यांना लोकेच्छेची जोड देऊन सीमाभागावरील आपला दावा उभा केला. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल राज्याने अमान्य केला, तो या कसोट्या त्याने एकसारख्या लावल्या नाहीत म्हणून. 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यामागेही हीच भूमिका आहे. भाषिक राज्याच्या लढ्यात जो मंत्री दिल्लीच्या बाजूस उभा दिसला, त्याच्याच निवाड्याचा आधार महाराष्ट्राला घ्यावा लागला!

प्रत्येक ठिकाणी त्यांना यश आले असे नाही. आसामच्या डोंगरी भागासाठी 1966 साली त्यांच्या आयोगाने सुचविलेली आसामांतर्गत स्वायत्तता तेथील नेत्यांना पटली नाही. 1972 मध्ये मेघालय स्वतंत्र राज्य झाले. ते पाहण्यास पाटसकर हयात नव्हते. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविल्यानंतर 1970 साली ते वारले. जळगाव-धुळ्याची महाविद्यालये तेव्हा त्याच विद्यापीठाच्या कक्षेत होती.