ग्रीन कार्डाच्या रांगेचे गणित

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या संगणक अभियंत्याविषयी बोलताना ‘तो आता तिकडेच स्थायिक झाला’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र यांतील अनेक जण दहा-पंधरा वर्षे तिथे काढूनही ‘तात्पुरते कामगार’च असतात. घर असते, त्यावरचे कर्ज असते, मुले तिथल्या शाळेत शिकत असतात; कायम राहण्याचा हक्क तेवढा नसतो. असे का घडते, हे समजण्यासाठी एच-१बी व्हिसा आणि ग्रीन कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत कुठे गुंततात, ते पाहावे लागते.

एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्याने अस्तित्वात आला. विशेष शिक्षण लागणाऱ्या कामांसाठी तो दिला जातो. प्रथम तीन वर्षे आणि नंतर आणखी तीन, अशी त्याची एरवीची कमाल मुदत सहा वर्षांची. दर वर्षी ६५ हजार आणि अमेरिकी विद्यापीठांतील पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २० हजार, अशी मर्यादा आहे. (२००१ ते २००३ या अमेरिकी आर्थिक वर्षांत ती १ लाख ९५ हजारांपर्यंत वाढविण्यात आली होती.) यातली कळीची बाब ही, की अर्ज उमेदवार करीत नाही, कंपनी करते. सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी परदेशातील उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावली, तेव्हा तिचा पहिला हिशेब कंपन्यांच्याच टेबलावर मांडला गेला, तो यामुळेच.

ग्रीन कार्डाची वाटही बहुधा कंपनीच्याच दारातून जाते. या पदासाठी पात्र आणि इच्छुक अमेरिकी माणूस मिळत नाही, हे कंपनीला आधी श्रम खात्याला दाखवून द्यावे लागते. त्यासाठी अन्य जाहिरातींबरोबरच दोन रविवारी वृत्तपत्रांत जाहिरात देण्याचा नियम संगणकयुगातही टिकून राहिला, ही त्यातली गंमत. श्रम खात्याकडे हा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, तो दिवस म्हणजे उमेदवाराची ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजेच रांगेतला त्याचा क्रमांक. पुढे ‘आय-१४०’ हा अर्ज मंजूर झाला, की हा क्रमांक पक्का होतो. त्यानंतर उरते ती फक्त प्रतीक्षा.

या प्रतीक्षेचे मूळ साध्या अंकगणितात आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यांतील सात टक्क्यांहून अधिक सहसा जाऊ नयेत, असा कायदा. मग देश भारताएवढा असो वा आइसलँडएवढा. पदव्युत्तर शिक्षण घेतलेले बहुतेक अभियंते ज्या ‘ईबी-२’ वर्गात मोडतात, त्यासाठी सुमारे ४० हजार कार्डे असतात. त्याचे सात टक्के म्हणजे अवघी २,८००. शिवाय ही संख्या कुटुंबांची नव्हे, माणसांची आहे. नवरा, बायको आणि एक मूल यांचे तीन आकडे खर्ची पडतात. इतर देशांची न वापरलेली कार्डे कधी भारतीयांकडे वळतात, पण तो वर्षागणिक बदलणारा नशिबाचा भाग. परिणामी जुलै २०२५ मध्ये या वर्गातील भारतीयांची रांग १ जानेवारी २०१३ या तारखेवर होती. म्हणजे ज्यांचे अर्ज त्याआधी दाखल झाले होते, त्यांचाच विचार साडेबारा वर्षांनी होत होता.

यात मोजला जातो तो जन्माचा देश, नागरिकत्व नव्हे. उमेदवाराने पुढे कॅनडाचे नागरिकत्व घेतले, तरी जन्म नाशिकचा असेल तर रांग भारताचीच. उलट आई-वडील नोकरीनिमित्त मस्कतला असताना तिथे जन्मलेला मराठी मुलगा ओमानच्या रांगेत उभा राहतो आणि कितीतरी आधी मोकळा होतो. विवाह झालेला असेल, तर पती वा पत्नीच्या जन्मदेशाचाही लाभ घेता येतो. वधूवर सूचक मंडळांच्या अर्जात हा रकाना अद्याप आलेला नाही, एवढेच.

अमेरिकी परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ प्रसिद्ध करते. त्यातील तारीख पुढे सरकते, थबकते, कधी चक्क मागेही जाते. २००७ च्या उन्हाळ्यात तर कहर झाला. त्या वर्षीच्या जुलैच्या बुलेटिनमध्ये जवळपास सर्व नोकरीविषयक वर्ग खुले झाल्याचे जाहीर झाले. अंतिम टप्प्याचा ‘आय-४८५’ अर्ज करण्याची मुभा मिळणार, या आनंदात हजारोंनी वैद्यकीय तपासण्या उरकल्या, कागदपत्रे जमविली, वकिलांचे शुल्क भरले. आणि २ जुलैला खात्याने सांगितले, की त्या वर्षीचे क्रमांक संपले आहेत. संतापलेल्या भारतीयांनी तेव्हा मोर्चा काढलाच, पण त्याआधी एक निराळी गोष्ट केली. २००६ मध्ये आलेल्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ने रुजविलेल्या ‘गांधीगिरी’चा आधार घेत त्यांनी इमिग्रेशन विभागाचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांना शेकडो पुष्पगुच्छ पाठविले. त्यांनी ते जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे वळविले. १७ जुलैला सरकारने निर्णय फिरविला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. त्या अर्जाने ग्रीन कार्ड लगेच मिळाले नाही. पण अर्ज प्रलंबित असताना मिळणारा कामाचा स्वतंत्र परवाना आणि प्रवासाची अनुमती हाती आली. नोकरी बदलणेही सोपे झाले. रांगेत उभ्या माणसाला यापेक्षा मोठा दिलासा नसतो.

ज्यांना ती संधी मिळाली नाही, त्यांचे काय? २००० च्या कायद्यामुळे ‘आय-१४०’ मंजूर असलेल्यांना सहा वर्षांनंतरही एच-१बीची मुदत वाढवून मिळते. त्यावरच हा सारा डोलारा उभा आहे. नोकरी बदलली तर रांगेतला क्रमांक सहसा राहतो, पण जाहिरातीपासूनचे सोपस्कार नव्या कंपनीला पुन्हा करावे लागतात. म्हणूनच बढती वा मनाजोगते काम खुणावत असूनही कित्येक जण जागचे हलत नाहीत. नोकरी गेलीच, तर २०१७ पासूनच्या नियमानुसार कमाल ६० दिवसांची सवलत मिळते. मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढीच. २०२२-२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी कर्मचारी कपात केली, तेव्हा या ६० दिवसांत नवी नोकरी शोधायची, की भरला संसार आवरायचा, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला.

याची झळ एकट्या अभियंत्याला बसत नाही. उच्चशिक्षित पत्नीला ‘एच-४’ व्हिसावर २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून ती मिळू लागली, तीही मुख्यतः पतीचा ‘आय-१४०’ मंजूर असल्यास. मुलांचा प्रश्न याहून कठीण. वयाची २१ वर्षे पूर्ण झाली, की मूल आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. २००२ च्या कायद्याने ‘आय-१४०’च्या छाननीत गेलेला वेळ वयातून वजा होतो, रांगेत गेलेला नाही. दोन वर्षांचे असताना आलेले, मराठी तोडकेमोडके बोलणारे मूल मग विद्यार्थी व्हिसा शोधते, किंवा जो देश त्याने सुट्टीतच पाहिला तिथे परतते.

शिवाय भारतातली वारी. पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का संपला, तरी अमेरिकेत राहता येते, कारण मुक्कामाची मुदत ‘आय-९४’ या वेगळ्या नोंदीवर ठरते. पण देशाबाहेर पाऊल टाकले, की परतण्यासाठी सहसा नवा शिक्का लागतो. पूर्वी तो अमेरिकेतच टपालाने मिळत असे. २००४ मध्ये ती सोय बंद झाली. २०२४ मध्ये मर्यादित प्रयोग झाला, तोही काही आठवड्यांचाच. मार्च २०२० मध्ये वकिलाती बंद पडल्या, तेव्हा भेटीसाठी आलेले कित्येक जण इथेच अडकले. डिसेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली आणि ठरलेल्या मुलाखती महिनोन्‌महिने पुढे गेल्या. सांगलीत वडील रुग्णालयात आहेत आणि शिक्का संपलेला आहे, अशा वेळी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी मुलगा वकिलाला फोन करतो. त्याला निर्दय म्हणण्याआधी ही व्यवस्था माहीत असलेली बरी.

कंटाळून परतणाऱ्यांसाठी एक हिशेब राहतो. पगारातून ६.२ टक्के सामाजिक सुरक्षा कर कापला जातो. त्याचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी ४० ‘क्रेडिट’, म्हणजे किमान दहा वर्षांचे काम लागते. जर्मनी, बेल्जियम आदी देशांशी भारताचे याबाबत करार आहेत, अमेरिकेशी नाही. त्यामुळे आठ-नऊ वर्षे काम करून परतणाऱ्याचे ते पैसे तिथेच राहतात. निघण्याची तारीख ठरवताना जाणकार मंडळी आधी ही क्रेडिट मोजतात.