फीत आणि तक्ता

निदान म्हटले की डॉक्टर आणि त्यांची रबरी नळी डोळ्यांपुढे येते. आमच्या आशागडच्या पाड्यांवर मात्र मूल कुपोषित आहे की नाही हे प्रथम अंगणवाडीच्या ताई पाहतात. (अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आपल्याच डहाणू तालुक्यात, बोर्डी-कोसबाडला रुजवली, हे जाता जाता अभिमानाने नमूद करते.)

ताईंजवळ दोन साधने असतात. पहिले म्हणजे रंगीत फीत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळायची. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण, १२.५ पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. दुसरे साधन उंचीनुसार वजनाचा तक्ता. त्याचे काम किचकट. मुलांचा निराळा, मुलींचा निराळा. त्यातून बाळ फळीवर हातपाय झाडते आणि सेंटिमीटरभर चूक झाली की ओळ बदलते.

चिंतेची बाब अशी, की दोन्ही साधने तीच मुले निवडीत नाहीत. फितीची रेघ सर्व वयांना एकच, म्हणून वयाने लहान व खुरटलेली मुले तिला अधिक सापडतात. मोठी, उंच पण वाळलेली मुले तक्त्याला सापडतात. माझ्या आत्येबहिणीचा साडेतीन वर्षांचा मुलगा फितीवर पिवळा आला, तक्त्यात मात्र तीव्र कुपोषित! नुसत्या फितीवर भागवले असते तर तो पोषण पुनर्वसन केंद्रात पोहोचलाच नसता.

मग खरे कोणते मानावे? मृत्यूचा धोका ओळखण्यात फीत तक्त्याहून कमी नाही, असे अभ्यासक सांगतात. तरीही २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी दोन्ही कसोट्या ठेवल्या. फितीवर किंवा तक्त्यात, कोठेही मूल रेषेखाली गेले तरी ते तीव्र कुपोषितच. व्याकरणाच्या तासाला आपण 'किंवा'ला विकल्पबोधक म्हणून सोडून देतो. येथे त्याच्या जागी 'आणि' आले तर आमचा भाचा यादीतून गळतो.

तिसरी कसोटी बिनखर्चाची. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरावा. खळगा राहिला तर सूज आहे. सुजेचे पाणी वजनात भर घालते व काटा फसतो. अशा वेळी फीत काय म्हणते, तक्ता काय म्हणतो हे न पाहता मूल थेट दवाखान्यात न्यायचे असते.